‘मले लेखक व्हाचं हाय’ : डाकघराच्या खिडकीवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याकडच्या एका गावी शाखा डाकपाल आहे. चार-साडेचार तासांची नोकरी, साडेतीन एकर वावर, आणि उरलेल्या वेळात कथा. चौदा वर्षांत एकवीस कथा छापून आल्या, एक संग्रह निघाला. एवढ्या भांडवलावर पंचक्रोशीत मला ‘लेखक’ म्हणतात, आणि सुकन्येचं पासबुक भरायला आलेली माणसं खिडकीशी थोडी रेंगाळून हळूच काहीतरी विचारतात. प्रश्न बहुतेक तेच असतात. मागे रांग असली की उत्तर अर्धवट राहतं, म्हणून हे एकदाचं लिहून काढलं.

मले लेखक व्हाचं हाय. सुरुवात कुठून करू?

असं विचारणाऱ्याला मी उलट विचारतो, ‘काही लिहिलंय का?’ दहातले आठ जण म्हणतात, ‘लिव्हलं नाई अजून, पण डोक्यात सारं तयार हाय.’ माझ्याही डोक्यात सहा वर्षं एक कादंबरी तयार होती. तिचं नाव ठरलं होतं, अर्पणपत्रिका ठरली होती, प्रकाशनाला कोणाला बोलवायचं तेही ठरलं होतं. एका उन्हाळ्यात लिहायला बसलो तर चौथ्या पानावर संपली. डोक्यात होतं ते पुस्तक नव्हतंच. पुस्तक निघाल्यावरचा माझा फोटो होता.

तेव्हा सुरुवात लहान करा. आज घरी जाऊन अर्धं पान लिहा, कशावरही. उद्या तेच पान पुढे न्या. मला पहिल्या पानाचं कौतुक नाही. पहिलं पान हौसेनं कोणीही लिहितं. खिडकीवर कोणी दुसऱ्या दिवशीचं पान घेऊन आलं, तर मी रांगेतल्या माणसाला ‘जरा थांबा भाऊ’ म्हणतो.

वेळच मिळत नाही. शेती, घर, लेकरं. लिहू केव्हा?

खोटं नाही. मृग लागला की सोयाबीनची पेरणी, मग डवरणी, निंदण, फवारणी. दसरा-दिवाळीच्या मधात सोयाबीन काढलं की कापूस वेचणीला येतो, तो माघापर्यंत पिच्छा सोडत नाही. मधात तूर. उन्हाळ्यात वावर मोकळं, तर लग्नं. ‘सगळं आटोपलं की निवांत लिहीन’ म्हणणाऱ्याचं आमच्याकडे कधीच आटोपत नाही.

हिशेब मात्र मांडून पाहा. हाताच्या अक्षरात वहीच्या एका पानावर दोनेकशे शब्द बसतात. रोज अर्धं पान म्हणजे शंभर शब्द, महिन्याला तीन हजार. मध्यम लांबीची एक कथा तेवढीच असते. अर्ध्या पानाला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. तेवढी पानठेल्यावर खर्रा घोटून होईस्तोवर जातात. (खर्रा सोडा असं मी म्हणत नाही. माझाही सुटलेला नाही.)

माझ्या पाच-सहा कथा मोटरीजवळ झाल्या. आठवड्यातले काही दिवस कृषिपंपाची थ्री फेज लाईट रात्री असते. हरभऱ्याला पाणी द्यायला जागावंच लागतं. एक सरी भरेपर्यंत बॅटरीच्या उजेडात चार ओळी होतात, मग उठून पाणी फिरवायचं, की परत चार ओळी. अशा लिखाणात वाक्यं आपोआप आखूड होतात. एका संपादकांनी ‘तुमची शैली तुटक पण प्रभावी आहे’ असं कळवलं होतं. सरी किती लांबीची आहे ते त्यांना मी कळवलं नाही.

बायांचं वेगळं आहे, ते मान्य करतो. पुरुष वहीत डोकं घालून बसला तर ‘हिशेब करतोय’ म्हणतात. बाई बसली तर ‘काय लिव्हून राह्यली व?’ म्हणून चार जणी जमतात. आमच्याकडची एक अंगणवाडी सेविका पोषण आहाराच्या रजिस्टरसारख्याच लांब वहीत कविता लिहायची. कोणी कधी विचारलं नाही.

वही की मोबाईल?

जे हाताशी असेल ते. मोबाईलवर लिहिलं तर युनिकोडमध्ये लिहा. बऱ्याच छापखान्यांत अजून जुन्या फॉन्टवर काम चालतं, पण मजकूर बदलून घ्यायचं काम त्यांचं. आणि स्वतःच्या मेलवर एक प्रत पाठवून ठेवा. माझा एक फोन विहिरीत गेला आहे, दीड कथेसकट.

आमच्या गावात काही घडतच नाही. काय लिहू?

या प्रश्नाशी थोडा थांबतो, कारण गाडी खरी इथेच अडते.

अमरावती जिल्ह्यात रिद्धपूर आहे. मराठी भाषा विद्यापीठ आता तिथे सुरू झालंय, म्हणून नाव ऐकलं असेल. सातशे वर्षांपूर्वी, तेराव्या शतकाच्या अखेरीस, म्हाइंभटांनी तिथे चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून लीळाचरित्र सिद्ध केलं. मराठीतला आद्य गद्यग्रंथ म्हणून आपण शाळेत त्याचं नाव पाठ करतो. ते झालं कसं, तिकडे लक्ष जात नाही. ज्यांनी स्वामींना पाहिलं होतं, ऐकलं होतं, त्यांच्याकडे जाऊन म्हाइंभटांनी विचारलं. कुठे घडलं, कोण होतं, काय बोलणं झालं. स्वामींचे शिष्य नागदेवाचार्य यांच्यासोबत बसून ते पारखून घेतलं. एवढं विद्वान माणूस, पण त्यांनी कामाची सुरुवात विचारण्यापासून केली.

तुम्हीही गावात विचारा. धुऱ्याचं, म्हणजे बांधाचं, भांडण कोणत्या सालापासून चालू आहे? शिवारातली जुनी विहीर कोणी बुजवली? बाजारच्या दिवशी बंडी जुंपायचे तेव्हा बाया पुढे बसायच्या की मागे? आजीला विचारा, तिचं पहिलं लुगडं कोणत्या रंगाचं होतं. लगेच लिहू नका. घरी येऊन तिचे शब्द तिच्याच क्रमानं मांडून पाहा. म्हातारी माणसं गोष्ट कुठून सुरू करतात आणि काय गाळतात, हे आमच्या इकडच्या कुठल्याही कार्यशाळेत शिकवत नाहीत.

एक सावधगिरी. विदर्भ म्हटलं की बाहेरच्या वाचकाला फास दिसतो, आणि नवा लेखक तेच हेरून पहिल्याच कथेत शेतकऱ्याला झाडाला टांगतो. अशा घरी मी ग्रामीण डाक जीवन विम्याचे कागद घेऊन गेलो आहे. तिथली बाई मला म्हणाली, ‘सही येते मले, पण आज हात थरथरते. अंगठा चालन का?’ हे मी बरीच वर्षं लिहिलं नाही. लिहिलं तेव्हा कथेत फास आला नाही, फक्त शाईचं पॅड आलं. विषय टाळा असं म्हणत नाही. पण त्या घरात तुम्ही काय पाहिलं ते लिहा. पेपरात वाचलेलं पेपरवाल्यांनी लिहिलं आहेच.

शकुंतला, म्हणजे आमच्याकडची ती बंद पडलेली छोटी रेल्वे, तिच्यावरही आता थांबा. तिच्यावर आम्ही सर्वांनी लिहून झालं.

वऱ्हाडीत लिहू की शुद्ध मराठीत?

आधी ‘शुद्ध’ शब्द काढून टाका. ‘प्रमाण’ म्हणा.

माझी पद्धत सांगतो, तुमची वेगळी असू शकते. निवेदन प्रमाण भाषेत, पण वस्तूंची नावं आमचीच: वावर, धुरा, पऱ्हाटी, टोंगळा. संवाद जो माणूस जसा बोलतो तसा. एका कथेत मी लिहिलं होतं की आईनं वरणात सांबार टाकला. संपादकांनी समासात प्रश्नचिन्ह काढून पाठवलं, वरणात सांबार कशाला? त्यांच्या डोळ्यांपुढे इडलीसोबतचा. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. मी कंसात अर्थ दिला नाही. वाक्य बदललं: ‘आईनं सांबाराची जुडी झटकली, बारीक चिरून वरणावर टाकली.’ काम झालं. शब्द अडला की त्याला कामाला लावा, वाचक अर्थ काढून घेतो.

लेखनात एकसारखेपणा ठेवा. ‘काऊन’ लिहायचं की ‘काहून’, ते पहिल्या पानावर ठरवा आणि शेवटपर्यंत पाळा. प्रत्येक उच्चार कागदावर उतरवायचा हट्टही नको. आम्ही ‘डोळा’ला ‘डोया’ म्हणतो, पण पानभर ‘य’ आले की वाचणारा उच्चारातच गुंततो, माणूस हातचा जातो. आणि बोली हसवण्यापुरती वापरू नका. नोकर वऱ्हाडीत बोलतो आणि मालक पुण्याच्या भाषेत, हे आमच्या गावात घडत नाही. इथे मालकही ‘काऊन बे’च म्हणतो.

वैनगंगेकडचे असाल तर तुमची बोली झाडी, तिचा ठसका वेगळा. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी त्या बोलीच्या अभ्यासाला आयुष्य दिलं. वऱ्हाडी आणि झाडी एकाच भांड्यात कालवून ‘वैदर्भीय’ नावाची भाषा करू नका. ती कुठल्याच गावात बोलत नाहीत.

आधी किती वाचायला पाहिजे?

लिहिता लिहिता वाचा. तालुक्याच्या गावी अनुदानित सार्वजनिक ग्रंथालय बहुधा असतं. 1967 च्या ग्रंथालय कायद्यामुळे राज्यभर अशी वाचनालयं उभी राहिली, अ, ब, क, ड वर्गांची. ‘ड’ वर्गाच्या वाचनालयातही एका माणसाला दहा वर्षं पुरेल एवढं असतं, धूळ झटकायची तयारी हवी. आवडलेल्या कथेचं एक पान हातानं उतरवून काढा. परिच्छेद कुठे तुटला ते बोटांना कळतं.

लिहिलेलं वाचलं की स्वतःचीच लाज वाटते. सोडून देऊ का?

लाज वाटते म्हणजे नजर तयार आहे, हात मागे आहे. हात रोजच्या सवयीनं येतो. मी पहिला खर्डा आठ दिवस आरडीच्या जुन्या रजिस्टरांखाली दाबून ठेवतो. मग मोठ्यानं वाचतो, बायकोपुढे. ती वाती वळत असते. जिथे तिचा हात थांबतो तिथे बरं जमलंय. जिथे ती ‘हं, पुढं?’ म्हणते तिथे अर्धं पान कापायचं. बहुतेक वेळा पहिला परिच्छेद जातो, कारण तो मी स्वतःला तापवायला लिहिलेला असतो. पहाट, कोंबडा, तांबडं आकाश, सगळं त्यात असतं.

गावातल्या माणसांवर लिहिलं तर ती चिडणार नाहीत का?

चिडतात. शेजारच्या काकांच्या धुऱ्याच्या भांडणावर मी कथा लिहिली. नाव बदललं, आडनाव बदललं, गावही बदललं. पण त्यांच्या बांड्या बैलाचं तुटकं शिंग तसंच राहू दिलं, कारण ते फार चांगलं होतं. अंक आला, शाळेच्या सरांनी पानठेल्यावर मोठ्यानं वाचला. काकांनी दोन पावसाळे माझ्याशी शब्द केला नाही, आणि आपली आरडी पुढच्या गावच्या डाकघरात नेली. तिसऱ्या वर्षी पोळ्याला स्वतःच आले आणि म्हणाले, ‘तू खोटं लिव्हलं बे. शिंग धुऱ्यावर नाई, पोळ्यात मोडलं.’

भांडणाबद्दल त्यांची तक्रारच नव्हती. तरी तेव्हापासून मी एका पात्रात दोन-तीन माणसं मिसळतो. आणि खिडकीवर कळलेल्या गोष्टी, म्हणजे कोणाच्या खात्यात किती, कोणाला कुठून पत्र येतं, या मरेपर्यंत लिहायच्या नाहीत. तुमच्याही धंद्यात अशी एखादी रेघ असेल. ती लिहायला बसण्याआधीच आखून घ्या.

मला ऑनलाईन सत्तावीस सन्मानपत्रं मिळाली आहेत. मी कवी झालो ना?

हा प्रश्न विचारणारा पोरगा मला आवडतो, म्हणून स्पष्ट बोलतो.

आमच्या भागात लिहिण्याच्या आधी सत्कार होतो. चार कविता झाल्या की व्हॉट्सअप समूहात ‘सर्वोत्कृष्ट’चं रंगीत प्रमाणपत्र येतं, वाढदिवसाच्या फ्लेक्सवर नावाआधी ‘कविवर्य’ लागतं, गणेशोत्सवात शाल-श्रीफळ मिळतं. मग निरोप येतो: राज्यस्तरीय प्रातिनिधिक संग्रहात तुमची कविता निवडली आहे, सहभाग शुल्क अमुक, दोन प्रती मोफत. मीही भरलं होतं. संग्रहात शंभरावर कवी होते आणि प्रत्येकानं स्वतःचं पान सोडून काहीही वाचलं नव्हतं. मीसुद्धा.

यात पैशापेक्षा मोठं नुकसान आहे. लेखक म्हणवून घ्यायची भूक कविता न लिहिताच भागते, आणि मग वही उघडायचं कारण उरत नाही. कविसंमेलनाला जरूर जा, समोर बसलेल्यांना झोप कुठे येते ते पाहायला ती उत्तम जागा आहे. पण त्या सत्तावीसपैकी एकाही परीक्षकानं ‘तिसरं कडवं काढा’ असं सांगितलं का? सांगितलं असेल तर त्याचा नंबर मलाही द्या.

छापायला कुठे पाठवू?

दिवाळी अंक आपल्याकडचा मोठा आसरा. का. र. मित्रांनी 1909 मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची ही परंपरा. अंक दिवाळीला दिसतो, पण मजकूर पावसाळ्याच्या सुरुवातीलाच मागवतात. दसऱ्याला पाठवाल तर पुढच्या वर्षाच्या गठ्ठ्यात जाल. विदर्भ साहित्य संघ 1923 मध्ये अमरावतीत स्थापन झाला, आता मुख्यालय नागपुरात आहे, आणि ‘युगवाणी’ हे त्याचं मुखपत्र. पाठवण्याआधी कुठल्याही अंकाचे दोन-तीन जुने अंक वाचा. समीक्षेच्या नियतकालिकाला विनोदी कथा पाठवून मी स्वतःचा विनोद करून घेतला आहे.

एका वेळी एकाच ठिकाणी पाठवा, शेवटच्या पानावर नाव-पत्ता लिहा, स्वतःजवळ प्रत ठेवा. आणि माझ्या खात्याचं: 2025 मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं आहे. ‘रजिस्ट्री करा’ म्हणून हट्ट धरू नका, माझ्या हातात नाही.

परत आलं तर?

येतंच. इतरांच्या घरी ते पोस्टमन आणून देतो. माझ्या नावाचं पाकीट माझ्याच पिशवीतून निघतं. तारखेचा शिक्का मी मारतो, वाटप झाल्याची नोंद मी करतो, सहीसुद्धा माझीच. एकदा एका दिवशी तीन आली. त्या दिवशी गावाला दुसरी टपालच नव्हती.

पाकिटात कारण दिलेलं नसतं, त्यामुळे कारण शोधत बसू नका. आठ दिवसांनी वाचा. दुरुस्त करावंसं वाटलं तर करा, नाहीतर तसंच दुसरीकडे पाठवा. माझी सर्वांत जास्त वाचली गेलेली कथा चार ठिकाणांहून परत आली होती. पाचव्यांदा पाठवण्याआधी मी फक्त पाकीट बदललं.

पुस्तक काढायला प्रकाशक पैसे मागतात. देऊ का?

घाई काय आहे? आधी आठ-दहा कथा अंकांतून येऊ द्या. पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. जाहिरात येते तेव्हा हस्तलिखित तयार पाहिजे, तेव्हा लिहायला घेऊन चालत नाही.

तरीही पैसे देऊन काढायचं असेल, तर सोयाबीन विकताना जेवढी घासाघीस करता तेवढी इथेही करा. ‘आयएसबीएनसह पॅकेज’ म्हणून रक्कम फुगवत असतील तर लक्षात ठेवा, आपल्या देशात आयएसबीएन सरकारी यंत्रणेकडून मोफत मिळतो. प्रती किती, कागद कोणता, मुद्रितं (प्रूफं) किती वेळा दाखवणार, हे लेखी घ्या. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लिहिलेल्याचा हक्क मुळात तुमचा असतो, तुमच्या हयातीत आणि नंतर 60 वर्षं. तो दुसऱ्याला द्यायचा तर सहीनिशी लेखीच द्यावा लागतो. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात. ‘सर्व हक्क कायमचे’ अशा ओळीखाली सही करण्याआधी एक रात्र जाऊ द्या. सातबाऱ्यावर सही करताना आपण चार माणसांना विचारतो ना.

मी वडसा-देसाईगंजकडचा आहे. झाडीपट्टी रंगभूमीसाठी नाटक लिहायचं आहे. तेही लेखनच ना?

वा! तुम्ही तर आमच्यापेक्षा कठीण परीक्षेला बसताय. दिवाळीनंतर मंडई (गावजत्रा) आणि शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतींच्या) निमित्तानं तुमच्याकडे गावोगावी रात्रभर नाटकं चालतात, तिकीट काढून. 2023 मध्ये तिथले नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा बाकीच्या महाराष्ट्रानं त्या रंगभूमीकडे जरा मान वळवली. तिथला प्रेक्षक शेकोटी सोडून आलेला असतो, पहाटेपर्यंत बसतो, आणि कंटाळला तर सभ्यपणे टाळ्या वाजवत नाही. लिहिण्याआधी एक हंगाम मागे उभे राहून पाहा. गाणं कुठे येतं, विनोदी पात्र किती वेळानं परततं, कपडे बदलायला नटीला किती मिनिटं लागतात. तेवढ्या मिनिटांचा प्रवेश लेखकालाच लिहून द्यावा लागतो.

लिहून पोट भरतं का?

माझं नाही. सुरुवातीला सांगितलेली नोकरी आणि वावर सोडून मला दुसरा मार्ग ठाऊक नाही.

मोबाईलला सांगितलं की तोच गोष्ट लिहून देतो. मग कशाला त्रास?

एका पोरानं अशी गोष्ट करून आणली होती. गाव विदर्भातलं आणि लोक सकाळी भाकरी-पिठलं खाऊन उसाला पाणी द्यायला निघाले. मी म्हटलं, बाबू, आपल्या शिवारात ऊस दाखव. तो हसला. मग त्यानं स्वतःच्या बापाचं सकाळचं जेवण लिहिलं: शिळी पोळी, कच्चं तेल-तिखट, कांदा. चार ओळीच होत्या, त्याही वाकड्या. त्या मी ठेवून घेतल्या आहेत.

तुम्हाला दाखवायला केव्हा आणू?

दुपारी, पिशवी रवाना झाल्यावर. पेन्शनच्या दिवसांत नको. दोनच पानं आणा, आणि ‘हे नुसतं असंच लिहिलंय’ हे वाक्य घरी ठेवून या. पावसाळा असेल तर वही प्लास्टिकच्या पिशवीत आणा. डाकघराचं छत खिडकीपाशीच गळतं.